पॅनल ७ वरचं पाणी : भूजल निरीक्षणाच्या नोंदी, फेब्रुवारी ते ऑक्टोबर

१२ फेब्रुवारी

कोळसा खाणीच्या पॅनल ७ या भागातले पिलर (छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब) काढायला सुरुवात होण्याआधीची मोजमापांची शेवटची पूर्ण फेरी आज संपली. काम पॅनलच्या पलीकडच्या टोकाला सुरू होणार आणि पिलर काढत, छत पाडत, मागे मागे येणार. आमच्या पी-१ या निरीक्षणाच्या जागेखाली पोचायला त्यांना अडीच महिने तरी लागतील. तिथे कोळशाचा थर १४० मीटर खोल आहे आणि काढायची जाडी २.२ मीटर.

पी-१ वर शेजारी शेजारी तीन बोअर आहेत: उथळ १८ मीटर, मधला ५५, खोल ११२. तिघांची जाळी (जिथून पाणी आत येतं तो भाग) वेगवेगळ्या खडकात आणि वरची जागा सिमेंटने बंद, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जात नाही. केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपच्या) तोंडापासून आजचं पाणी: उथळ ७.८२ मीटर, मधला १४.६५, खोल ३१.४०. एकाच जागेवर तीन वेगळ्या पातळ्या, आणि खोल जावं तशी पातळी खाली. पाण्याची ओढ खालच्या दिशेने आहे. खाणीचा उपसा गेली कित्येक वर्षं चालू असल्यामुळे यात नवल नाही, पण ही सुरुवातीची अवस्था आहे हे नोंदून ठेवते. पुढे कुणी म्हणायला नको की खोल थरातला दाब पॅनल ७ ने घालवला. काही आधीच गेला होता.

उथळच्या केसिंगच्या तोंडाची आरएल (ठरलेल्या पायापासूनची उंची, मीटरमध्ये) २४१.३७. म्हणजे पाणी २३३.५५ वर.

नियंत्रण बोअर (तुलनेसाठीचा, खाणीपासून २.३ किलोमीटर, उलट्या बाजूला) ९.४०. गावातल्या काकूंची दगडी विहीर, पॅनलच्या कडेपासून ३४० मीटरवर, कठड्यापासून ६.१२. विहिरीचं माप सकाळी मोटर सुरू होण्याआधीच घ्यायचं हा नियम यंदाही मोडलेला नाही.

१९ फेब्रुवारी

नमुने. उथळ बोअरचा व्यास ५० मिलिमीटर, पाण्याचा स्तंभ सुमारे १० मीटर, म्हणजे आत २० लिटर पाणी. तिप्पट, ६० लिटर, काढून टाकलं आणि पीएच, ईसी (विद्युतवाहकता), तापमान लागोपाठ तीन वेळा स्थिर आल्यावरच बाटली भरली. खोल बोअरमध्ये हा हिशोब चालत नाही. त्याची आवक इतकी कमी आहे की तिप्पट पाणी काढायला गेलं तर तो रिकामाच होईल आणि मग जाळीवर हवा लागून पाण्याचं रसायन बदलेल. तिथे छोटा पंप मिनिटाला २०० मिलिलिटरवर ठेवला आणि पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरणार नाही याकडे लक्ष ठेवत बसलो. तीन तास गेले.

धातूंची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून भरून तिच्यात नायट्रिक आम्ल. क्षारतेची (म्हणजे बायकार्बोनेटची) बाटली आम्लाशिवाय, काठोकाठ. क्षारता जागेवरही मोजली. नव्या मुलाला हे दोनदा करण्यामागचं कारण पटत नव्हतं.

त्याला मधल्या बोअरचा एक ग्लास भरून दाखवला. पाणी आलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ. अर्ध्या तासाने त्यात तांबूस धूर तरंगायला लागला, तासाभराने तळाशी गेरूसारखा थर. लोह जमिनीखाली विरघळलेलं होतं, हवा लागताच गंजून बाहेर पडलं. बाटलीत जे होतं ते प्रयोगशाळेत पोचेलच असं नाही, हे त्या ग्लासाने त्याला शिकवलं.

६ मार्च

निकाल आले. काकूंच्या विहिरीचे आकडे जुळेनात. धन आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) बेरीज ८.२७ मिलिइक्विव्हॅलंट, ऋण आयनांची ६.९८; दोन्ही सारख्या यायला हव्यात. फरक साडेआठ टक्के, आणि आम्ही ५ च्या पुढे घेत नाही. प्रयोगशाळेने बायकार्बोनेट २९० दिलंय. आमचं जागेवरचं माप ३६६. ते घातलं की ऋण बाजू ८.२३ होते आणि हिशोब बसतो.

प्रयोगशाळेला फोन केला. बाटल्या नऊ दिवस उघड्यावर राहिल्या होत्या. क्षारतेच्या बाटलीच्या तळाला पांढरी पूड बसली होती, म्हणजे चुना खाली बसला आणि बायकार्बोनेट घेऊन बसला. कॅल्शियम मात्र आम्ल घातलेल्या दुसऱ्या बाटलीतून मोजलं, तिथे ते शाबूत होतं. म्हणून एकच बाजू घटली.

स्वरूप आता स्पष्ट आहे. विहिरीचं पाणी कॅल्शियमचं: कॅल्शियम ९२, सोडियम ३८, नायट्रेट ३८ मिलिग्रॅम प्रति लिटर. पी-१ उथळही जवळपास असंच. खाणीच्या सम्पमधलं (उपशासाठी पाणी साठतं त्या खड्ड्यातलं) पाणी सोडियमचं: सोडियम ४१०, कॅल्शियम फक्त १४, बायकार्बोनेट ८९०. खोल खडकातल्या चिकणमातीवरून सावकाश जाताना पाणी आपलं कॅल्शियम देऊन सोडियम घेतं, त्याची ही खूण. १९४४ साली पायपरने मांडलेल्या त्रिकोणी आलेखावर दोघं दोन टोकांना बसतात. मिसळ झाली तर कळेल, ही मोठी सोय आहे.

सम्पमध्ये नायट्रेटही आहे, ११. ते शेतातून आलं असेलच असं नाही. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं आणि न जळलेलं पाण्यात उतरतं. पुढे नायट्रेटवरून काही म्हणायची वेळ आली तर हे विसरायचं नाही.

२० मार्च

काल रात्री वादळी हवा होती. आज लॉगरच्या (बोअरमध्ये टांगलेल्या, पातळी आपोआप नोंदणाऱ्या यंत्रांच्या) नोंदी उतरवून घेतल्या तर अकराही ठिकाणी एकाच वेळी ९ सेंटिमीटर घट. खाणीतून लगेच फोन, काय झालं म्हणून.

पाण्याला काही झालेलं नव्हतं. आमचे लॉगर पाण्याचा आणि त्यावरच्या हवेचा मिळून दाब मोजतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की लॉगर १ सेंटिमीटर पाणी कमी झालं असं दाखवतो. तो वजा करण्यासाठी हवेचा वेगळा लॉगर असतो, त्याची बॅटरी रात्रीच संपली होती. नियंत्रण बोअरच्या हवेच्या लॉगरवर ९ हेक्टोपास्कलची घट आहे. टेप सोडून पाहिली, सगळीकडे पाणी जिथल्या तिथे.

दर आठवड्याला हाताने माप घ्यायचं ठरलं. लॉगर आणि टेप जुळले तरच आकडा खरा मानायचा. (हा नियम अपुरा होता. २३ मेची नोंद पाहावी.)

११ एप्रिल

पिलर काढायचं काम पी-१ पासून ६० मीटरवर. खोल बोअर ३८.९०, म्हणजे दोन महिन्यांत साडेसात मीटर उतरला. मधला ५ सेंटिमीटर खाली. उथळ स्थिर.

२९ एप्रिल

काम पी-१ च्या खालून गेलं. खोल बोअर कोरडा. टेप १११.६ मीटरवर गाळाला टेकली, पाणी लागल्यावर होणारा आवाज नाही. छत पडल्यावर गोफच्या (कोळसा काढून छत पाडलेल्या जागेच्या) वरचा खडक आधी तुटतो, त्याच्या वरचा भेगाळतो. ११२ मीटर म्हणजे थराच्या २८ मीटर वर, भेगाळलेल्या पट्ट्यात. तिथलं पाणी गोफमध्ये उतरलं. हे अपेक्षित होतं आणि अहवालात आधीच लिहिलेलं होतं.

झाकण उघडताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. मीटर आधी धरायची शिस्त आहे म्हणून बरं: मिथेन ३ टक्के. हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान तो स्फोटक. रिकाम्या बोअरमध्ये पाण्याचं वजन उरत नाही आणि वायूला वाट मोकळी होते. झाकणाला भोक पाडून जाळी लावली, फलक लावला. अर्धा तास कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. या बोअरवर आता कुणीही एकटं जायचं नाही.

१४ मे

मधला १९.८०. उथळ ७.४१.

उथळचं पाणी वर आलंय, ४१ सेंटिमीटर. लॉगरही तेच सांगतो, दोघांत एका सेंटिमीटरचाही फरक नाही. खाणीत सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. भेगाळताना वरचा खडक सैल होतो आणि शेजारचं पाणी तात्पुरतं ओढलं जातं, असं कारण मी मासिक अहवालात लिहिलं आणि अहवाल रवाना केला.

२१ मे

काकूंकडे विहिरीचं माप घ्यायला गेले. त्यांच्या हातात अहवालाची ग्रामसभेत लावलेली प्रत. म्हणाल्या, "मॅडम, पाणी वर आलं असं लिहिलंत. या, बघा."

वाकून पाहिलं. विहीर घडीव दगडाची, एकेक थर वीतभरापेक्षा थोडा जास्त. त्या रोज थर मोजतात, सासूबाई मोजायच्या तसंच. नवव्या थराचा वरचा निम्मा भाग वाळून पांढरा झालेला, खालचा ओला काळा, आणि सांध्यातलं शेवाळ उघडं पडून तपकिरी होऊ लागलेलं. "शेवाळ एका दिवसात वाळत नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर थोडं थोडं उतरतंय."

टेप सोडली. ६.३६. फेब्रुवारीपेक्षा २४ सेंटिमीटर खाली, म्हणजे जवळपास एक थर. एकाच उथळ खडकातले दोन मोजमापं, मध्ये चारशे मीटरसुद्धा नाहीत, आणि एक वर, एक खाली. यातलं एक चुकीचं आहे आणि ते शेवाळ नव्हे. त्यांना सांगितलं की तपासून येते. त्यांनी दोराने मोजलेला आकडाही माझ्या वहीत लिहायला लावला. लिहिला.

२३ मे

रात्रभर विचार करून जे सुचलं ते इतकं साधं आहे की लिहिताना वाईट वाटतं. आम्ही पाणी मोजतो केसिंगच्या तोंडापासून. जमीन खचली तर तोंडही खाली जातं. तोंड पाण्याच्या जवळ आलं की आकडा लहान होतो आणि वाटतं पाणी चढलं. लॉगरही त्याच तोंडाला तारेने टांगलेला आहे, तोही त्याच्याबरोबर खाली गेला. टेप आणि लॉगर जुळले, कारण दोघांचा आधार एकच आणि तो आधारच हलला होता.

ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन गेलो. मोरीवरच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) केसिंगचं तोंड २४१.१९ आलं, म्हणजे १८ सेंटिमीटर खचलं. तरीही पाणी २३ सेंटिमीटर चढलेलंच दिसतं. विहिरीशी मेळ नाही.

२६ मे

मोरी पॅनलच्या कडेच्या आतच आहे. नकाशावर बोट ठेवून पाहिल्यावर उलगडलं. ज्याच्यावरून खचणं मोजायचं तोच खचलेला.

खचण्याचा परिणाम पॅनलच्या कडेपासून किती लांब जातो याला कोनाचा अंदाज वापरतात. ३५ अंश धरले तर १४० मीटर खोलीला सुमारे ९८ मीटर. आम्ही बरंच जास्त लांब, डांबरी रस्त्यापलीकडच्या जुन्या दगडी खांबावरून सुरुवात केली आणि परत त्याच खांबावर येऊन फेरा पूर्ण केला. २.४ किलोमीटर, उन्हात साडेसहा तास. मिटताना फरक ९ मिलिमीटर. या अंतराला १९ पर्यंत चालतो.

मोरीचा बेंचमार्क ४५ सेंटिमीटर खाली. उथळचं तोंड २४०.७४, म्हणजे ६३ सेंटिमीटर खाली. विहिरीचा कठडा २ मिलिमीटरच्या आत जिथल्या तिथे.

२४०.७४ वजा ७.४१ म्हणजे २३३.३३. पाणी ४१ सेंटिमीटर चढलेलं नाही, २२ सेंटिमीटर उतरलंय. विहिरीत २४. मेळ बसला.

मधल्या बोअरलाही हेच लागू: घट ५.१५ नव्हे, ५.७८ मीटर.

२८ मे

दुरुस्त अहवाल पाठवला. जुना मागे घेतला असं पहिल्या ओळीत, माझी चूक म्हणून. खाणीच्या कार्यालयातून "सुधारित आकडे" एवढंच लिहावं असं सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. एकीने थर मोजून सांगितलेलं खरं निघालं, हे कागदावर यायला हवं.

त्याच अहवालात दुसरी गोष्टही लिहिली आणि ती काकूंना स्वतः जाऊन सांगितली. नियंत्रण बोअर याच काळात १९ सेंटिमीटर उतरला आहे. उन्हाळ्यात उतरतोच. म्हणजे २२ मधला खाणीचा वाटा आजवर तरी मापनाच्या चुकीत बुडण्याइतका लहान आहे. त्या लगेच म्हणाल्या, "मग पावसात बघू. भरते का ते." मी पण तेच म्हणणार होते.

सगळ्या लॉगरची नोंद सहा तासांवरून १५ मिनिटांवर आणली. बॅटरी लवकर संपेल, संपू दे. केसिंगची लेव्हल आता दर महिन्याला, रस्त्यापलीकडच्या खांबावरूनच.

१७ जून

रात्रीत ५२ मिलिमीटर. पहिला मोठा पाऊस.

मधला बोअर पाऊस सुरू झाल्यावर दोन तासांत चढायला लागला, पहाटेपर्यंत १.३० मीटर. मागच्या दोन वर्षांत पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याला हलायला आठ-नऊ दिवस लागले होते. आलेख उघडल्यावर नवा मुलगा आणि मी, दोघंही गप्प.

घाई नको. पावसाच्या वजनानेही बंदिस्त खडकात दाब चढतो, पाणी आत न जाता. पण त्याने मिलिमीटरला मिलिमीटर असा हिशोब होईल. ५२ मिलिमीटर पावसाने १.३० मीटर चढणार नाही. तरी पाण्याचा नमुना पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. दाब पाण्याशिवाय पुढे जाऊ शकतो, नायट्रेट नाही. त्याला पाण्याबरोबरच यावं लागतं.

२ जुलै

मधल्या बोअरचा निकाल, यावेळी बाटल्या बर्फात आणि दुसऱ्याच दिवशी पोचत्या केलेल्या. आयनांचा ताळा दीड टक्क्यात. नायट्रेट आधी १ च्या खाली होतं, आता १४. कॅल्शियम ३१ वरून ५८. सोडियम १८६ वरून १३१.

वरच्या पाण्याची मिसळ किती, याचा हिशोब तीन वाटांनी केला. नायट्रेटवरून ३७ टक्के, सोडियमवरून ३७, कॅल्शियमवरून ४४. तिन्ही जवळ आहेत. सुरुंगाच्या दारूचं नायट्रेट असतं तर त्याच्यासोबत खाणीचं सोडियम आलं असतं. सोडियम तर घटलंय. शिवाय खाणीचं पाणी खाली आहे, ते वर चढून ५५ मीटरवर येणार नाही. त्या बोअरभोवती तरी वरचं पाणी थेट खाली जातंय.

सम्पचा उपसाही पावसानंतर तिसऱ्या दिवशी ११ तासांवरून १४ तासांवर गेला होता. पंपावरच्या माणसांची वही नीट आहे, त्यांचे आभार मानून आले.

१९ जुलै

पॅनलच्या कडेने दिवसभर पायी. गवत गुडघ्यापर्यंत, काठीने बाजूला करत. भेगा कडेला समांतर, सात सापडल्या. सर्वांत रुंद १४ सेंटिमीटर, एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा एक पायरी खाली.

चौथी भेग ओढ्याला आडवी जाते. दुपारी सर आली तेव्हा तिथे थांबलो. ओढ्याचं गढूळ पाणी भेगेपाशी येऊन वळायचं, एक पान दोनदा गोल फिरलं आणि आत ओढलं गेलं. खालच्या अंगाला ओढा निम्माही उरला नव्हता. तीन महिन्यांचे आलेख त्या पानाने दहा सेकंदांत दाखवले. व्हिडिओ काढून अहवालाला जोडला.

११ सप्टेंबर

पावसाळ्याची चढ मोजण्याइतके दिवस झाले.

नियंत्रण बोअर मेमधल्या ९.५९ वरून ७.४८: चढ २.११ मीटर. पी-१ उथळ, खचणं धरून (जूननंतर आणखी २ सेंटिमीटर), २३३.३३ वरून २३४.७९: चढ १.४६. काकूंची विहीर ६.३६ वरून ४.९३: चढ १.४३.

दोन बोअरचा खडक सारखा नसेल म्हणून सरळ तुलना करत नाही. पण गेल्या वर्षी नियंत्रण २.२० चढला तेव्हा पी-१ उथळ २.०५ चढला होता. त्या प्रमाणात यंदा १.९७ यायला हवे होते. अर्धा मीटर कमी भरलं. हा खाणीचा वाटा आहे आणि मी तो तसाच लिहिला आहे, "संभाव्य" हा शब्द न वापरता.

२४ सप्टेंबर

भेगा बुजवायला मंजुरी मिळाली, पण ढिगाऱ्यावरचा खडक टाकून. जवळ आहे आणि भरपूर आहे म्हणून. मी विरोध केला. त्या ढिगाऱ्यात कोळशाचे तुकडे आणि त्यात पितळेसारखे चमकणारे पायराइटचे कण डोळ्यांना दिसतात. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की त्यातून गंधकाचं आम्ल, सल्फेट आणि लोह सुटतं. आज वरचं चांगलं पाणी खाली जातंय एवढाच प्रश्न आहे. तो ढिगारा भेगेत भरला तर आम्लाची गाळणीच बसवल्यासारखं होईल. बैठक लांबली. शेवटी बाहेरून चिकणमाती आणायचं ठरलं. भेग दीड मीटर खोदून, मातीचे थर ओले करून ठोकत, वर थोडा उंचवटा. ओढ्याची भेग सर्वांत आधी.

२ ऑक्टोबर

चौथी भेग पूर्ण. ठोकणीच्या कामावर मी दोन्ही दिवस उभी होते. एका थराला माती कोरडी आली होती, ती काढायला लावली. उरलेल्या सहा अजून उघड्या.

९ ऑक्टोबर

काकूंच्या विहिरीत लोखंडी पट्टी बसवली, सेंटिमीटरच्या खुणा कठड्यापासून मोजून. त्यांनी बाजूच्या दगडावर थरांचे आकडे रंगाने लिहून घेतले, त्यांना पट्टीपेक्षा ते बरे वाटतात. आजचं पाणी टेपने ५.०८, पट्टीवर ५.०८, आणि त्यांच्या मोजणीने चौथा थर पुरा उघडा. एक वही त्यांच्याकडे ठेवली, दर सोमवारी सकाळी त्या लिहिणार. या महिन्यापासून अहवालात विहिरीचा रकाना त्यांच्या आकड्यांनी भरला जाईल, आमचं माप त्याच्या शेजारी.

पुढची लेव्हल १२ नोव्हेंबरला. उरलेल्या भेगांसाठी माती सोमवारी येते.